लॅम, व्हॅम, रॅम : एका चक्र-पुस्तिकेचं प्रकरण

काम आलं ते व्हॉट्सॲपवर. ‘इंग्रजी टू मराठी, ८६ पानं, योगाचा कोर्स आहे, सोपं आहे.’ सोपं म्हणून आलेल्या कामाला भाषांतरकाराने दुप्पट वेळ धरावा, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. पण पावसाळ्यात कामं कमी असतात. शब्दाला दीड रुपया सांगून मोकळी झाले.

काम देणाऱ्या ताई पार्ल्याच्या, पूर्वेच्या. घरच्या हॉलमध्ये बारा-पंधरा बायकांचा आसनांचा क्लास त्या बरीच वर्षं घेतात. करोनाच्या दिवसांत त्यांनी एका परदेशी संस्थेचा ऑनलाइन कोर्स केला, प्रमाणपत्र घेतलं आणि संस्थेच्या परवानगीने तोच बारा आठवड्यांचा कोर्स मराठीत चालवायचं ठरवलं. क्लासमधल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. इंग्रजी पुस्तिका त्यांना झेपेना. पुस्तिकेत सात आठवडे सात चक्रं, मग तीन आठवडे ‘तत्त्व-दर्शन’, मग ‘मिडल पिलर’ नावाचा एक विधी आणि शेवटी उजळणी. सोबत ऑडिओ, रंगीत पत्त्यांचा एक कॅट आणि सात रंगांतल्या सात चक्रांचं मोठं पोस्टर.

पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं : ही पाच हजार वर्षांची अखंड तांत्रिक परंपरा आहे. ते वाक्य मी बाजूला ठेवलं आणि पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. तिथेच अडले.

मूलाधाराचं, म्हणजे सर्वांत खालच्या चक्राचं, बीज (एका अक्षराचा मंत्र) इंग्रजीत तीन अक्षरांत छापलेलं होतं. मराठीत ते ‘लं’. पण ऑडिओत एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणत होता, ‘लॅऽऽऽम.’ पुढे ‘व्हॅऽऽम’, ‘रॅऽऽम’, ‘यॅऽऽम’ आणि शेवटी ‘हॅऽऽम’. शेजारच्या खोलीतून मुलगी ओरडली, ‘आई, हॅम म्हणजे ते डुकराचं ना?’ मी ताईंना फोन केला.

‘ऑडिओत आहे तसंच लिहा हो,’ ताई म्हणाल्या. ‘कानावर एक आणि कागदावर दुसरंच, असं नको. बायका गोंधळतील.’

म्हणजे लं हे अक्षर संस्कृतातून रोमन लिपीत गेलं, तिथून इंग्रजी तोंडात गेलं, तिथून पार्ल्यात आलं, आणि आता मी ते देवनागरीत ‘लॅम’ असं लिहायचं. दीड रुपयात.

आप्पांकडे

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. गोदीतून निवृत्त झाले, गिरगावात चाळीत राहतात. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी श्रीविद्येची, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासनेची, दीक्षा घेतली. घरात याचा कधी गाजावाजा नव्हता. देव्हाऱ्यात तांब्याचं श्रीयंत्र, कुंकवाने इतकं माखलेलं की रेषा दिसत नाहीत, आणि नवरात्रात रोज नवावरण पूजा, एवढंच आम्हाला माहीत. सकाळी पूजेला बसले की आप्पा बोटांनी स्वतःला जागोजाग स्पर्श करायचे. कपाळ, मग तोंडाभोवती एक वेढा, उजवा डोळा, डावा डोळा, कान, नाकपुड्या, गाल. लहानपणी आम्हाला वाटायचं, आप्पा डास हाकलतायत. तो मातृकान्यास होता. वर्णमालेतलं एकेक अक्षर म्हणायचं आणि शरीरावर त्याच्या जागी ठेवायचं.

मी त्यांच्यापुढे पोस्टर उलगडलं. चटईवर मांडी घालून बसलेली एक आकृती, कंबरेपासून डोक्यापर्यंत इंद्रधनुष्य. आप्पांनी चष्मा वर ढकलला. हिरव्या हृदयापाशी त्यांचं बोट थांबलं.

‘हे हिरवं कोणी केलं?’

मग त्यांनी लोखंडी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक काढलं. आर्थर ॲव्हलॉन या नावाने जॉन वुड्रॉफ यांनी केलेलं षट्चक्रनिरूपणाचं भाषांतर, मद्रासला छापलेली आवृत्ती. फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली. वुड्रॉफ कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. अटलबिहारी घोष या बंगाली सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी तंत्रग्रंथ इंग्रजीत आणले, आणि चक्रांवरचं हे पुस्तक १९१९ साली निघालं. पश्चिमेत आज चक्रांबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातल्या बहुतेकाची नाळ या एका पुस्तकापर्यंत जाते. मूळ संस्कृत ग्रंथ बंगालच्या पूर्णानंदांचा, १५७७ सालचा.

आम्ही पोस्टर आणि पुस्तक शेजारी ठेवून बसलो. मूलाधाराच्या चार पाकळ्या तांबड्या, जुळलं. स्वाधिष्ठान शेंदरी, पोस्टरवर नारंगी, चालून जाईल. मणिपूर पूर्णानंद सांगतात भरून आलेल्या ढगांच्या रंगाचं, पोस्टरवर लिंबासारखं पिवळं. अनाहत बंधूकाच्या फुलासारखं, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारखं लाल, पोस्टरवर हिरवं. विशुद्ध धुरकट जांभळट, पोस्टरवर निळं. आज्ञा चंद्रासारखं पांढरं, पोस्टरवर पारव्या रंगाकडे झुकलेलं गडद निळं. शिवाय ग्रंथाच्या नावातच ‘षट्’ आहे. सहस्रार या सहांच्या वरचं, त्यांच्यात न मोजलेलं.

बरं, ‘एका चक्राला एक रंग’ हा हिशेबच ग्रंथात नाही. मूलाधारातच पाकळ्या तांबड्या, आतला पृथ्वीचा चौकोन पिवळा आणि पाकळ्यांवरची अक्षरं सोन्यासारखी. पोस्टर छापणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं.

मी विचारलं, ‘मग पोस्टर चूक का?’

‘चूक कशाला म्हणू? सगळ्या ग्रंथांत तरी कुठे एक आहे? नाथांच्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ चक्रं आहेत. ज्याने त्याने आपल्या उपासनेपुरतं मांडलंय.’ मग थोडं थांबून, ‘पण पाकळ्या रिकाम्या का?’

मी हा प्रश्न तेव्हा नुसता टिपून घेतला. खरं तर प्रकरणाचा गाभा तोच होता, पण माझं सगळं लक्ष रंगांवर होतं.

रंग आले कुठून

हे शोधण्यात माझे चार दिवस गेले, आणि त्यांचे पैसे कोणी देणार नव्हतं. पण एकदा उत्सुकता लागली की लागली.

गंमत म्हणजे या प्रवासाचा एक टप्पा आप्पांच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येचा अभ्यास करणारी संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगाव बॅक रोडला राहिले. त्यांचं मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतूनच सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस त्यांनी मद्रासजवळ अड्यारला बस्तान हलवलं. ब्लाव्हाट्स्कीबाईंना तंत्राचं प्रेम मुळीच नव्हतं. तांत्रिक म्हणजे काळी विद्यावाले, असंच त्यांचं मत. गिरगावातल्या तेव्हाच्या सोवळ्या घरांचं मत फारसं वेगळं असेल असं वाटत नाही. पण मासिकाच्या पानांतून योग, श्वास, तत्त्वं, सूक्ष्म देह हे सगळं इंग्रजी वाचणाऱ्या जगात पसरलं.

याच सोसायटीतले लेडबीटर यांनी १९२७ साली चक्रांवर पुस्तक लिहिलं, स्वतःच्या दिव्यदृष्टीला दिसली तशी. त्यांनी स्वाधिष्ठान यादीतून काढून टाकलं आणि त्या जागी प्लीहेचं चक्र बसवलं. कंबरेखालचं ते केंद्र जागवणं त्यांना घातक वाटत होतं. थिऑसॉफीतूनच आलेल्या ॲलिस बेली यांनी चक्रांना अंतःस्रावी ग्रंथींशी जोडलं. इंद्रधनुष्य मात्र यांच्यापैकी कोणाचं नव्हे. खालून वर तांबडा ते जांभळा ही ओळ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात पक्की झाली. ख्रिस्तोफर हिल्स या मूळच्या इंग्रज गृहस्थांच्या १९७७ सालच्या पुस्तकाचा त्यात मोठा वाटा आहे. आणि इंद्रधनुष्यात रंग सातच का, तर न्यूटनला संगीताच्या सात स्वरांशी मेळ घालायचा होता म्हणून त्याने पारवा रंग मोजणीत घेतला. म्हणजे पार्ल्याच्या हॉलमधल्या आज्ञाचक्राचा गडद निळा रंग हा न्यूटनचा हट्ट आहे. मला हे फार आवडलं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘हे पुस्तिकेत नका घालू.’

पाच हजार वर्षांपैकी साधारण पन्नास अशी पोस्टरपुरती खात्रीने हिशेबाला लागली. सहा चक्रांची मांडणी कुब्जिका देवीच्या तंत्रग्रंथांत सुमारे हजार वर्षांपूर्वी दिसते. हजार वर्षं काही थोडी नाहीत. त्यांना पाच हजार म्हणायची गरज कोणाला का वाटावी, हे मला अजून उमगलेलं नाही.

पत्त्यांचा कॅट

आठव्या आठवड्यापासून पुस्तिकेचा सूरच बदलतो. पिवळा चौकोन पृथ्वी, रुपेरी चंद्रकोर आप, लाल त्रिकोण तेज, निळं वर्तुळ वायू, काळसर अंडं आकाश. एकाच्या पोटात दुसरं असे मिश्र पत्ते धरून एकूण पंचवीस. पत्त्याकडे टक लावायची, मग पांढऱ्या भिंतीकडे बघायचं, तिथे विरुद्ध रंगाची आकृती उमटते. ती मनात दाराएवढी मोठी करायची आणि त्या दारातून पलीकडे जायचं. पृथ्वीच्या दाराशी उरिएल नावाचा देवदूत, आणि आत जाताना हिब्रूतलं ईश्वराचं नाव घोषायचं.

हा सगळा विधी लंडनच्या हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन या मंडळाचा. १८८८ साली निघालेलं हे गुप्त मंडळ. कवी येट्स त्यात होते. कबाला ही यहुदी गूढविद्या, इजिप्तच्या देवता, टॅरोचे पत्ते, ग्रह असं सगळं एका मोठ्या तक्त्यात बसवायचं हा त्यांचा ध्यास. प्रत्येक गोष्टीला रकाना आणि प्रत्येक रकान्याला दुसऱ्या परंपरेतली जोडी. या तक्त्यात भारतातून तत्त्वं आली ती मेरठचे थिऑसॉफिस्ट रामप्रसाद यांच्या लिखाणातून. स्वरोदयशास्त्राचा, म्हणजे श्वासावरून शुभाशुभ बघण्याच्या विद्येचा, एक संस्कृत ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला. त्यांचं पुस्तक १८९० साली निघालं.

स्वरोदय म्हटल्यावर मला आप्पांची एक सवय आठवली. घराबाहेर पडताना ते उंबऱ्यापाशी थांबतात, नाकाखाली बोट धरतात, कुठली नाकपुडी चालू आहे ते बघतात आणि त्या बाजूचा पाय आधी टाकतात. पुढचं त्यांनीच दाखवलं. दाढीचा आरसा घेतला आणि त्यावर नाकाने श्वास सोडला. वाफेचा डाग कसा उमटतो ते बघायचं. चौकोनी उमटला तर पृथ्वी चालू, अर्धचंद्र असेल तर आप, त्रिकोण तर तेज, गोल तर वायू, ठिपके ठिपके असतील तर आकाश. त्या दिवशी आरशावर उमटलं ते कशातच बसत नव्हतं. आप्पा म्हणाले, ‘पावसाळी हवा आहे,’ आणि आरसा बनियनला पुसून ठेवून दिला.

तर गोल्डन डॉनच्या पत्त्यांची पितरं ही. गिरगावच्या आरशात वायू गोल, लंडनच्या पत्त्यातही गोल. पूर्णानंदांकडे मात्र वायूचं मंडल धुरकट षट्कोन आहे. यावरून मंडळाने कोणत्या वाटेने माल उचलला ते चक्क दिसतं. फरक पडला तो वापरात. स्वरोदयात तत्त्व म्हणजे तुमच्या श्वासात या घडीला काय वाहतंय ते. त्यावरून प्रवासाला निघायचं की नाही हे ठरतं. लंडनात त्याच आकृतीचं दार झालं. ही मला चोरी वाटत नाही. एका वस्तूतून दुसरी, नवी वस्तू घडवलेली आहे, तीही बरीच कल्पकतेने.

मी घरी करून बघितलं. पिवळ्या चौकोनाकडे वीसेक सेकंद टक लावली, भिंतीकडे पाहिलं, खरोखरच जांभळट चौकोन उमटला. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी एका रंगाला थकतात म्हणून असं होतं, त्यात गूढ काही नाही. दार मात्र उघडलं नाही. चौकोन सरकत सरकत कालनिर्णयवर जाऊन बसला आणि विरला.

उरिएलबद्दल आप्पांना भीत भीत विचारलं. ते सहज म्हणाले, ‘यंत्राच्या भूपुराला, म्हणजे बाहेरच्या चौकटीला, दारं असतात, त्यांची राखण करायला देवता असतात. त्यांच्याकडे हा असेल.’ अकराव्या आठवड्यातल्या ‘मिडल पिलर’बद्दलही हेच. कबालातल्या वृक्षावरची पाच केंद्रं डोक्यापासून पायापर्यंत कल्पायची आणि प्रत्येकाचं नाव घोषायचं. आप्पांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘हाताने स्पर्श करत नाहीत?’ पुस्तिकेत तसं काही नव्हतं.

तंत्र या शब्दाचं लचांड

पुस्तिकेच्या नावात ‘तंत्र’ होतं. ताईंच्या सासूबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे करणी-बिरणीचं घरात नको.’ ताईंच्या मुलाने, त्याचं वय चोवीस, पाहिलं आणि नुसता हसला. त्याच्या डोक्यातलं तंत्र वेगळं. एकाच घरातल्या दोन पिढ्या, आणि दोघांचेही गैरसमज परंपरेनेच आलेले.

मुलाच्या डोक्यातल्या तंत्रालाही वंशावळ आहे. अमेरिकेत पिएर बर्नार्ड याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तांत्रिक मंडळ काढलं. १९१० साली न्यूयॉर्कला त्याला अटक झाली आणि वृत्तपत्रांची चंगळ झाली. पुढे अलेस्टर क्रोली हा इंग्रज गूढविद्यावाला आणि त्याच्या मंडळाने लैंगिक विधींना गूढविद्येत मानाचं पान दिलं. आपल्याकडच्या पंचमकारांतला (मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन) एक मकार तिकडे एवढा वाढला की उरलेलं ताट दिसेना. आणि १९७० ते १९७४ या काळात पेडर रोडच्या वुडलँड्स इमारतीत राहून रजनीश विज्ञानभैरवावर बोलले ते इंग्रजीत, समोर परदेशी शिष्य वाढत असताना. ११२ धारणांचा तो काश्मीरचा ग्रंथ. त्यात लैंगिक म्हणाव्यात अशा धारणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी श्वास, ध्वनी, पोकळी, शिंक, चालत्या गाडीचा हेलकावा.

सासूबाईंसाठी शीर्षकातून ‘तंत्र’ गेलं, ‘चक्र-परिचय’ आलं. मला ते पटलं नव्हतं. पण घर त्यांचं, हॉल त्यांचा.

काय ठेवलं, काय काढलं

शेवटची बैठक ताईंच्या स्वयंपाकघरात झाली. बाहेर हॉलमध्ये सात रंगांच्या चटया, खुर्चीवर भुलेश्वरहून आणलेल्या सात मण्यांच्या कड्यांची पिशवी. म्हणजे रंग बदलण्याची शक्यता मी पोचायच्या आधीच संपली होती.

भांडण झालं ते थायरॉइडवरून. पुस्तिकेत विशुद्धाच्या प्रकरणात होतं की कंठचक्र मोकळं झालं की थायरॉइडचा त्रास जातो. क्लासमधल्या दोघी थायरॉइडच्या गोळ्या घेतात, हे ताईंनीच मला सांगितलेलं. मी म्हटलं, हे वाक्य मी लिहिणार नाही.

‘मूळ पुस्तिकेत आहे, मी कशी काढू?’

‘ताई, जादूने रोग बरे होतात अशा जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. आणि आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा. पण कायद्याचं सोडा. उद्या एकीने गोळी बंद केली तर?’

ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘काढा.’ त्याच झपाट्यात मी पाच हजार वर्षंही काढून घेतली. तिथे ‘भारतीय तंत्रग्रंथ, थिऑसॉफी आणि पाश्चात्त्य गूढविद्या यांतून घडलेला आधुनिक अभ्यास’ असं लिहिलं. ताईंना ते रुक्ष वाटलं. रुक्ष आहेच. पत्त्यांच्या प्रकरणाला ‘गोल्डन डॉनची तत्त्व-दर्शन पद्धत’ असं स्वच्छ नाव दिलं आणि उरिएलला हात लावला नाही. ज्याचं त्याचं नाव त्याच्या वस्तूवर असावं, एवढंच.

कुंडलिनीवरचं पान निराळ्याच कारणाने अडलं. मुळात होतं की ती सोनेरी, उबदार प्रवाहासारखी हळुवार वर येते. क्लासमधल्या चार-पाच जणी ज्ञानेश्वरीचं पारायण करणाऱ्या. १२९० सालच्या त्या मराठी ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी आहे, आणि ती नाथपंथातून आलेली. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी ज्ञानदेवांची परंपरा. तिथे ती ‘नागाचें पिलें, कुंकुमें नाहलें’ अशी साडेतीन वेढे घालून निजलेली आहे. इथपर्यंत गोजिरी. जागी झाल्यावर मात्र भुकेली उठते. शरीरातलं मांस खाते, पृथ्वी आणि आप ही दोन भूतं गिळते, तेव्हा कुठे तृप्त होऊन सुषुम्नेपाशी, म्हणजे मधल्या नाडीपाशी, शांत होते. उबदार प्रवाह वगैरे नाही. मी इंग्रजी परिच्छेद जसाच्या तसा उतरवला आणि खाली दोन ओळींत ज्ञानेश्वरीतलं वर्णन ठेवलं. वाचणाऱ्यांनी आपलं ठरवावं.

राहिली बीजं. ‘लॅम’ की ‘लं’? इथे मी हटून बसले. आप्पांनी मला ते म्हणून दाखवलं होतं. ओठ मिटून ‘म’ करायचा नाही. अनुस्वार नाकात घुमत वर जायला हवा. ऑडिओतला माणूस ओठ मिटत होता, कारण रोमन लिपीत शेवटी ‘म’च छापलेला. त्याचा दोष नाही. आणि त्याच वेळी आप्पांच्या रिकाम्या पाकळ्या मला एकदम आठवल्या.

पूर्णानंदांच्या कमळांत प्रत्येक पाकळीवर एक अक्षर आहे. ४, ६, १०, १२, १६ आणि २ मिळून पन्नास पाकळ्या, पन्नास अक्षरं. पाकळ्यांची संख्या कोणी शोभेसाठी ठरवलेली नाही. ती अक्षरांसाठीची आसनं आहेत. इंग्रजी वाचकाला या अक्षरांचा काय उपयोग? ङ, ञ, ण त्याच्या तोंडात नाहीत, त्यांचा क्रम त्याने कधी घोकलेला नाही. रंगाला भाषा लागत नाही, तो छापता येतो, विकता येतो, चटईला देता येतो. ध्वनीला समोर कोणीतरी कान देणारा माणूस लागतो, ‘असं नाही, असं’ म्हणणारा. समुद्र ओलांडताना हलकं सामान पुढे गेलं, जड मागे राहिलं. रंग वाढत गेले ते या रिकाम्या जागेत, असं माझं मत झालंय.

ताईंना म्हटलं, रंग तुमचे राहू द्या, मला एक पान जास्त द्या. त्या पानावर सहा चक्रं खालून वर आणि प्रत्येकापुढे त्याची अक्षरं देवनागरीत. मूलाधार : व श ष स. स्वाधिष्ठान : ब भ म य र ल. असं आज्ञेच्या ह, क्ष पर्यंत. बीजांपुढे लं, वं, रं, यं, हं. ऑडिओचं काय, तर ताई म्हणाल्या, ‘मीच म्हणेन. आप्पांकडून शिकून येते.’ आणि खरंच दोन रविवार गिरगावात जाऊन आल्या. आप्पांनी बीजं शिकवली. श्रीविद्येचा मंत्र त्यांनी विचारलाही नाही आणि आप्पांनी सांगितलाही नसता. तो दीक्षेशिवाय कानात पडत नाही.

चौथा आठवडा

एका शनिवारी रात्री नऊला ताईंचा फोन आला.

‘अहो, ती बाराखडी आहे!’

मागून कोणाचा तरी करडा आवाज आला, ‘बाराखडी नव्हे, वर्णमाला.’

त्या क्लासमधल्या बाई. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पहिलीचे वर्ग अख्खा जन्म शिकवलेले. अनाहताच्या आठवड्यात त्यांनी माझं पान हातात घेतलं आणि विचारलं, ‘क पासून ठ पर्यंतच का? ड कुठे गेला?’ ड खालच्या ओळीत होता, मणिपुरात. तिथून फ पर्यंत. ब त्याच्या खाली, स्वाधिष्ठानात. बाईंनी पान वरून खाली वाचलं. कंठात सोळा स्वर, अ पासून अः पर्यंत. छातीत क ते ठ, नाभीत ड ते फ, त्याखाली ब ते ल, बुडाशी व श ष स. मग एकदम वर, भुवयांमध्ये, ह आणि क्ष. सगळी अंकलिपी गळ्यापासून बुडापर्यंत ओळीने उतरलेली. मी ते पान स्वतः टाइप केलं होतं, तीनदा तपासलं होतं, आणि खालून वर वाचत राहिल्यामुळे मला हे दिसलं नव्हतं. आप्पांना अर्थात माहीत होतं. ‘मला वाटलं तुला माहीत असेल,’ ते म्हणाले. ‘शाळेत गेली होतीस ना?’

बाईंची एक शंका उरली होती, ळ कुठे आहे? मराठी बाईला ळ गाळलेला खपणार नव्हताच. मी आप्पांना विचारून कळवलं की बाहेरच्या न्यासात तो धरतात, तेव्हा अक्षरं एक्कावन्न होतात. आतल्या पाकळ्यांत पन्नासच. उत्तर बाईंना फारसं पटलेलं नाही.

आता क्लासमध्ये आठ-दहा मिनिटं अक्षरं म्हणतात. ताईंनी रेकॉर्ड करून पाठवलं. बारा बायका, गळ्याला हात लावून, अं आं इं ईं. मध्ये कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. एकजण अजून ‘हॅम’ म्हणते, ते वेगळं ऐकू येतं. नंतर बहुधा पत्ते काढतात, कारण शेवटी कोणीतरी विचारतं, ‘उरिएल आज आहे का?’

माझं बिल निघालं, पानाचे जास्तीचे पैसे मी लावले नाहीत. मागच्या महिन्यात पार्ल्याला गेले तेव्हा पोस्टर तिथेच होतं, त्याच सात रंगांत. हिरव्या हृदयाच्या पाकळ्यांवर बाईंनी पेन्सिलीने अक्षरं लिहिलीत, पहिलीच्या फळ्यावर लिहितात तशी गोल, सुटी. शेवटच्या पाकळीवर चिकटपट्टी होती, पेन्सिल उठत नव्हती. म्हणून ठ बाहेर, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आहे.